पुसून घेजा

आमच्या फ्रिजवर एक छोटा पांढरा बोर्ड आहे, त्यावर महिनाभराचा दुधाचा हिशोब असतो, कधी एक लिटर, कधी अर्धा, आणि खाड्यांच्या फुल्या. गेल्या महिन्यात सासूबाई अमरावतीहून आलेल्या. ३१ तारखेला सकाळी वाती वळता वळता म्हणाल्या, "जवाईबापू, दूधवाल्याचा हिसोब पुसून घेजा बरं."

मी पुण्याचा. पुसून घे म्हटलं की फडकं. शाई वाळून घट्ट बसलेली, कोरड्या फडक्याने हलेना, मग ओलं, मग सॅनिटायझर, शेवटी बायकोचं नेलपेंट रिमूव्हर. १७ तारखेची फुली तर इतकी चिवट की नखाने खरवडली. बोर्ड आरशासारखा लख्ख करून छाती फुगवून सांगितलं, "पुसला!"

"मंग? किती झाले म्हणे?"

"काय किती?"

"पैसे!"

तर वऱ्हाडात पुसणे म्हणजे विचारणे. आणि चूक त्यांची नाहीच हो, जुन्या मराठीत सगळे पुसतच होते. झालंय असं की हे दोन वेगळे शब्द. विचारायचा पुसणे संस्कृत 'प्रच्छ्'पासून प्राकृत 'पुच्छ' होऊन आला, आणि मराठीला 'च्छ'चा 'स' करायची खोडच आहे, मच्छचा मासा, उच्छुचा ऊस, तसा पुच्छचा पुस. फडक्याचा पुसणे 'प्रोञ्छ्'कडून आला. हिंदीवाल्यांनी पूछना आणि पोंछना नीट वेगळे ठेवले, गुजरात्यांनी पूछवुं आणि लूछवुं. आपण मात्र दोघांना एकाच खोलीत कोंबलं आणि त्यात माझा जीव गेला.

हे सगळं मी सासूबाईंना समजावत होतो तेवढ्यात बेल वाजली. दूधवाले काका! "किती खाडे धरू?" मी म्हटलं चार, बायको आतून ओरडली सहा, काका अत्यंत शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे तर एकच दिसतोय." बोर्ड लख्ख, पुरावा शून्य. दिले मुकाट्याने ३० दिवसांचे पैसे.

"केलेल्या हिसोबावर बोळा फिरवला की हो," सासूबाई म्हणाल्या. यात मात्र बोळा म्हणजे बोळाच, तो ओला अजून माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी रविवार, कामवाल्या मावशी सुट्टीवर, बायको म्हणाली, "जरा फरशी पुसून घे." मी म्हटलं, "काय पुसू तिला?" सासूबाई खो खो हसल्या. बायकोने बादली आणून समोर आदळली.