‘सोपोर’ म्हणजे साधी झोप नव्हे

गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘फवारणी करून आलेला माणूस गाढ झोपला तर उठवू नका. डॉक्टर त्याला सोपोर म्हणतात, झोपेत विष उतरते.’

लॅटिनमध्ये सोपोर म्हणजे गाढ झोप, हे खरं. आपला संस्कृत ‘स्वप्’ धातूही त्याच मुळातला. पण वैद्यकात सोपोर ही गुंगीच्या पुढची, कोमाच्या अलीकडची पायरी (बहुतेक डॉक्टर ‘स्टुपर’ लिहितात). हाका मारून माणूस जागा होत नाही. करकचून चिमटा काढला तर कण्हतो, हात ओढतो, पुन्हा तसाच पडतो.

पराटीवर (कपाशीवर) मारायच्या ऑरगॅनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशक औषधाची बाधा असेल तर लाळ गळते, दरदरून घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत घरघर लागते. झोपेनं विष उतरत नाही, उलट श्वास थांबू शकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तरी असले मेसेज पुढे ढकलले जातात!

भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा, कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा. औषधाचा डबा सोबत न्या, लेबल फाडू नका.