हातमोजे, फ्रिजमधला भात आणि क्लोरीनचा वास: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपण आमच्या हॉटेलला दोन तारे दिलेत आणि तीन तक्रारी लिहिल्यात: स्वयंपाकघरातली माणसं उघड्या हातांनी काम करत होती, भात फ्रिजमधून काढून गरम केलेला होता आणि टेबल पुसल्यावर क्लोरीनचा वास आला. त्या रात्री पोट बिघडल्याचंही आपण लिहिलंय. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे, ते कृपया नक्की वाचा.

शेगडीवर आणि चिरताना आमच्याकडे हातमोजे घालत नाहीत, हे ठरवून केलेलं आहे. मोजे चढवले की हात स्वच्छच आहेत असं वाटू लागतं. मग त्याच मोज्यांनी फ्रिजचं हँडल, कच्चं चिकन, फोन, कचऱ्याच्या डब्याचं झाकण आणि पुन्हा गिऱ्हाइकाचं ताट. उघड्या हाताला काही चिकट लागलं तर माणूस आपसूक मोरीकडे जातो. मोज्यात ते जाणवतच नाही. आत घाम साचतो, पातळ मोज्याला पडलेलं बारीक भोक दिसत नाही, आणि आचेजवळ मोजा वितळून कातडीला चिकटतो. त्यापेक्षा वाहत्या पाण्याखाली साबणाने 20 सेकंद, अंगठा, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडांसकट हात धुणं जास्त भरवशाचं. हात कागदी रुमालाने कोरडे करायचे, कारण ओल्या हातावरून जंतू सहज पसरतात. कच्चं मांस किंवा अंडं हाताळलं, पैसे घेतले, नाकाला-केसांना हात लागला, शौचालयात जाऊन आलं, की प्रत्येक वेळी धुवायचे. सॅनिटायझर त्याच्या जागी चालत नाही. उलटी-जुलाब आणणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. जे पदार्थ पुन्हा शिजणार नाहीत, ते चिमट्याने किंवा डावानेच वाढतात. बोट कापलं असेल तर निळी जलरोधक पट्टी आणि त्यावर मोजा. पट्टी निळी असते ती अन्नात पडली तर चटकन दिसावी म्हणून.

आता भात. हा मुद्दा आपल्याला उलटा वाटेल, पण फ्रिजमधला भात धोक्याचा आणि ओट्यावर झाकून ठेवलेला ताजा, हा समज चुकीचा आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू (कठीण कवचातली सुप्त रूपं) असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही टिकतात. भात शिजल्यावर कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलटी आणणारं ते विष नंतर कितीही गरम केलं तरी नष्ट होत नाही. म्हणून सगळा खेळ शिजवल्यानंतरच्या काही तासांचा असतो. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा टप्पा. भात एकतर 60 च्या वर गरम ठेवायचा, नाहीतर त्या टप्प्यातून झटपट खाली न्यायचा: 60 वरून 21 अंशांपर्यंत 2 तासांत आणि पुढच्या 4 तासांत 5 अंशांपर्यंत.

हे खोल पातेल्यात होत नाही. वरचा थर गार लागतो, पण मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो. आम्ही भात पसरट ट्रेमध्ये 5 सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीचा पसरतो, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून अधूनमधून हलवतो, आणि वाफ गेल्यावरच झाकून फ्रिजमध्ये ठेवतो. भरलेलं गरम पातेलं तसंच आत ढकललं तर ते लवकर गार होत नाहीच, वर शेजारचं दूध-मांस तापतं. प्रत्येक ट्रेवर तारीख आणि वेळ लिहिलेली असते. 24 तासांनंतर भात टाकून देतो. गरम करताना मध्यभागी 75 अंश येईपर्यंत, आणि एकदाच. उरला तर परत फ्रिजमध्ये जात नाही. तापमान टोचायच्या थर्मामीटरने बघतो. लांबून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरच्या थराचं तापमान दाखवतो. टोचायच्या थर्मामीटरची परीक्षाही सोपी आहे: कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी, त्यात आकडा 0 यायला हवा.

क्लोरीनचा हलका वास अपेक्षित आहे. 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं (क्लोरीनच्या जंतुनाशकाचं) 2 मिलिलिटर द्रावण 1 लिटर पाण्यात मिसळलं की साधारण 100 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 100 भाग, क्लोरीन होतं. तेवढं पुरतं, पण आधी साबणाने तेलकटपणा काढला तरच. खरकटं आणि तेल क्लोरीन खाऊन टाकतात आणि नुसता वास उरतो. द्रावण रोज ताजं करतो, चाचणीपट्टीने तपासतो, आणि लावल्यावर टेबल पुसून न काढता वाळू देतो. खांद्यावर टाकलेलं ओलं फडकं टेबलांवरून फिरवणं हा सर्वात वाईट प्रकार. ते आमच्याकडे चालत नाही. घरीही हे क्लोरीनचं द्रावण शौचालयाच्या ॲसिडबरोबर कधी मिसळू नका, विषारी वायू निघतो.

पोट बिघडल्याचं आम्ही गंभीरपणे घेतो. आम्हाला हवी ती मुख्य माहिती म्हणजे त्रास जेवणानंतर किती वेळाने सुरू झाला आणि आधी काय झालं, उलटी की जुलाब. 1 ते 6 तासांत उलट्या झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो, म्हणजे भात किंवा हातावरच्या जखमेतून येणारा स्टॅफिलोकोकस जिवाणू. 8 ते 16 तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब असतील, तर सावकाश गार झालेला मांसाचा रस्सा. नोरोव्हायरसला 12 ते 48 तास लागतात, साल्मोनेला या जिवाणूला कधी तीन दिवसही. त्यामुळे शेवटचं जेवण दोषी असेलच असं नाही, पण आमचं जेवण निर्दोष होतं असंही आम्ही न तपासता म्हणणार नाही.

तारीख, जेवणाची वेळ, काय काय खाल्लं आणि बरोबरच्या कोणाला त्रास झाला का, एवढं कळवा. त्या दिवसाच्या तापमानाच्या नोंदी आणि कामावर कोण होतं ते आम्ही काढून ठेवतो. उलटी-जुलाब झालेल्या कामगाराला त्रास थांबल्यापासून 48 तास कामावर घेत नाही, तेही त्या नोंदीत दिसेल. त्रास अजून चालू असेल, जुलाबात रक्त असेल, ताप असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर आम्हाला लिहिण्याआधी डॉक्टरकडे जा आणि तपासणीत काही निघालं तर अन्नसुरक्षा विभागाला कळवा. ते आमच्याकडे आले तर नोंदी त्यांनाही दाखवू.