दुखेपर्यंत ताणू नका: ‘३० दिवसांत स्प्लिट’ला उत्तर

‘३० दिवसांत पूर्ण स्प्लिट’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. स्प्लिट म्हणजे दोन्ही पाय सरळ ठेवून विरुद्ध दिशांना पसरत जमिनीला टेकवणं. माझ्याकडे शिकणाऱ्या चार जणींनी तो मला पाठवून विचारलं, ‘ताई, हे करू का?’ संदेशाचा सारांश असा: रोज दुखेपर्यंत ताण द्या, दुखतंय म्हणजे स्नायू लांब होतोय. जमिनीपासून चार बोटं अंतर उरलं की कुणाला तरी वरून दाबायला सांगा. गुडघे किंवा कोपरं उलटी वाकत असतील तर ती जन्मजात देणगी समजा आणि तिचा पुरेपूर वापर करा. मध्येच काही लचकलं तर गरम शेका, चोळा आणि त्याच दिवशी पुन्हा ताणा, नाहीतर सांधा आखडेल.

यातलं एकही वाक्य मला मान्य नाही, आणि शेवटच्या वाक्याची तर भीती वाटते. माझे स्वतःचे गुडघे उलटे जातात. त्यातला एक मी सोळाव्या वर्षी दुखावून घेतला आहे, तो कसा ते पुढे सांगते. एकेक मुद्दा घेऊ.

‘दुखतंय म्हणजे स्नायू लांब होतोय’

पहिल्या काही आठवड्यांत असं क्वचितच होतं. यावर बरेच प्रयोग झाले आहेत. पाय यंत्राने सावकाश उचलायचा, कोणत्या कोनात स्नायू किती विरोध करतो ते मोजायचं, काही आठवडे स्ट्रेचिंग करवून पुन्हा मोजायचं. बहुतेक वेळा त्याच कोनात स्नायूचा विरोध जवळपास पूर्वीइतकाच निघतो. माणूस फक्त आधीपेक्षा उशिरा ‘थांबा’ म्हणतो. वेपलर आणि मॅग्नुसन यांनी २०१० साली या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचाही कल याच बाजूला होता: सुरुवातीला वाढते ती ताण सोसण्याची तयारी. स्नायूतंतू प्रत्यक्ष लांब होऊ शकतात, पण त्यासाठी लांबलेल्या अवस्थेत त्यांच्याकडून कामही करून घ्यावं लागतं, आणि वेळ द्यावा लागतो.

म्हणजे ‘अजून थोडं चालेल’ हा निर्णय मज्जासंस्थेचा असतो, आणि तो ती भरवसा वाटल्यावर देते. दात-ओठ खाऊन, श्वास रोखून बसलं की तिला धोक्याचीच खबर जाते आणि स्नायू आणखी आवळला जातो. मी शिकवताना साधा नियम ठेवते: ताणलेल्या अवस्थेत एक पूर्ण वाक्य शांतपणे बोलता आलं पाहिजे. आवाज ओढला गेला तर बोटभर मागे या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे दुखतंय. मांडीच्या मागच्या मांसल भागात पसरलेला, सोडल्यावर लगेच ओसरणारा ताण चालतो. पण बसल्यावर जे हाड जमिनीला टेकतं, नेमकं त्याच ठिकाणी टोचत असेल तर तो स्नायूचा ताण नाही. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचा, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तिथे हाडाला जोडलेला असतो, आणि पुढे खोल वाकलं की तो त्याच हाडावर दाबला जातो. ‘अजून मोकळं झालेलं नाही’ असं समजून लोक नेमकं तेच ठिकाण रोज ताणत राहतात आणि महिनोन्‌महिने बसायलाही त्रास होतो.

हळू ताणताना झालेली इजा किरकोळ असते, असाही समज आहे. स्वीडनमध्ये कार्ल आस्क्लिंग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगात धावताना हॅमस्ट्रिंग दुखावलेले धावपटू आणि सावकाश ताणताना दुखावलेले नर्तक यांची तुलना केली होती. सुरुवातीला नर्तकांची इजा सौम्य दिसत होती. पूर्वीच्या पातळीवर परतायला मात्र धावपटूंना साधारण १६ आठवडे लागले आणि नर्तकांना ५०. जवळपास वर्ष! वाढीच्या वयातल्या मुलांमध्ये तर कंडरा जिथे जोडलेला असतो तो हाडाचा भाग अजून पक्का जुळलेला नसतो, त्यामुळे जोराच्या ताणाने हाडाचा तुकडाच ओढला जाऊ शकतो.

पोटरीपर्यंत जाणारी कळ, मुंग्या किंवा विजेसारखा झटका ही नसेची लक्षणं. ओळखायची एक खूण आहे. पाय तसाच ठेवून फक्त मान खाली घाला. कळ वाढली तर ती मांडीच्या स्नायूची नाही, कारण मानेचा आणि त्या स्नायूचा काही संबंध नाही. मेंदूपासून पायापर्यंत सलग आहे ती मज्जासंस्था. नस स्नायूसारखी ताणून धरायची नसते. लगेच सोडा.

‘३० दिवस पुरेत’

कुणाला पुरतील, कुणाला वर्षं लागतील, आणि काहींना बाजूची स्प्लिट कधीच पूर्ण येणार नाही. खुब्याची उखळी किती खोल आहे, मांडीच्या हाडाची मान कोणत्या कोनात बसली आहे, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. पाय सरळ बाजूला नेत गेलं की एका टप्प्यावर हाडाला हाड अडतं. तेव्हा मांड्या बाहेर वळवल्या, ओटीपोट पुढे झुकवलं, तर अनेकांना वाट मिळते. ते करूनही जांघेत समोरून चिमटा बसल्यासारखं होत असेल तर थांबा. तिथे उखळीच्या कडेची कूर्चा चेपली जात असते आणि कूर्चा ताणून लांब होत नाही.

मात्रेचं म्हणाल तर ती संदेशात सांगितल्याच्या मानाने फारच कमी लागते. २०१८ सालच्या एका आढाव्यात दिसलं, की एका स्नायूसमूहाला आठवड्यात एकूण निदान ५ मिनिटं ताण, तोही आठवड्यातल्या बहुतेक दिवसांत वाटून, एवढ्याने लवचिकता वाढते. एका वेळी ३० सेकंद, दोन-तीन वेळा, अंग गरम झाल्यावर. तासन्‌तास पाय फाकून बसण्याने वेगळं काही मिळत नाही.

‘कुणाला तरी वरून दाबायला सांगा’

दाबणाऱ्याला तुमच्या सांध्यात काय चाललंय ते कळत नाही, आणि जोर नेहमी जिथे सगळ्यात ढिलं आहे तिथे जातो. माझ्या बाबतीत हेच झालं. पुढच्या पायाची टाच उंच ठोकळ्यावर, मागचा पाय जमिनीवर, म्हणजे स्प्लिटच्याही पुढची अवस्था. खुबा पुढे जायला तयार नव्हता. शिकवणाऱ्यांनी माझ्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, हात ठेवून भार दिला. टाच वर टेकलेली, खुबा अडलेला आणि मधला गुडघा अधांतरी: सगळा जोर गुडघ्यात गेला आणि तो उलटा वाकला. ‘कट्’ असा आवाज मला आत ऐकू आला. संध्याकाळपर्यंत गुडघा दुप्पट झाला होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनाही तसंच शिकवलं गेलं होतं, आणि म्हणूनच हे मी लिहिते आहे.

टाच उंचावर ठेवून काम करायचंच असेल तर पोटरीच्या वरच्या भागाखाली आणि मांडीखाली आधार द्या, गुडघा केसभर वाकलेला ठेवा, मांडीचा पुढचा स्नायू आवळा. खाली जाण्यासाठी कुणाच्या हातांऐवजी स्वतःचा जोर वापरा: ज्या स्नायूला ताण बसतोय त्यानेच जमिनीला पाच-सहा सेकंद दाबा, मग सोडा आणि जेवढी जागा मिळेल तेवढीच घ्या. आवळून सोडण्याची ही पद्धत हर्मन काबाट यांनी १९४० च्या दशकात रुग्णांच्या उपचारासाठी विकसित केलेल्या तंत्रातून आली आहे.

आणि एक मोजमाप करून बघा. उताणं झोपून गुडघा सरळ ठेवत पाय स्वतःच्या ताकदीने उचला. मग तोच पाय हातांनी ओढून आणा. या दोन कोनांमधली जागा म्हणजे जिथे तुम्ही पोहोचू शकता पण सावरू शकत नाही. इजा बहुधा त्याच पट्ट्यात होते. अंतर मोठं असेल तर आणखी ताणण्याआधी पाय वर धरून ठेवण्याची ताकद कमवा. २०२१ साली झालेल्या एका विश्लेषणात, पूर्ण आवाक्यात केलेल्या ताकदीच्या व्यायामानेही सांध्यांची हालचाल स्ट्रेचिंगइतकीच वाढते असं आढळलं, तेव्हा हा वेळ वाया जात नाही.

‘सांधे उलटे वाकतात ही देणगी’

इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण ही स्तुती ऐकत मी मोठी झाले.

सांधे किती ढिले आहेत हे बघायला बायटन गुणांकन वापरतात, एकूण ९ गुणांचं. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे जाते का, अंगठा मनगटाकडे वाकवून हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळच्या पुढे १० अंशांहून अधिक उलटा जातो का, हे दोन्ही बाजूंना बघायचं, म्हणजे ८. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले तर आणखी १. प्रौढांमध्ये साधारण ५ आणि त्यापुढे गुण आले तर सांधे सर्वसाधारणपणे ढिले धरतात. लहान मुलांमध्ये ६, पन्नाशीनंतर ४, कारण वयाबरोबर सांधे घट्ट होत जातात.

एवढे गुण असणं हा आजार नाही. अनेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. पण सरळ रेषेच्या पलीकडे गेलेला गुडघा स्नायूंवर उभा नसतो, तो लिगामेंट (हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा) आणि सांध्याच्या मागच्या आवरणावर लोंबकळत असतो. लिगामेंट स्नायूसारखं आखडून परत येत नाही. वारंवार ताणलं की ढिलंच राहतं. त्यात सांधा नेमका कुठे आहे याची आतली जाणीवही अशा लोकांना बऱ्याचदा कमी असते. माझा गुडघा ‘सरळ’ आहे असं मला वाटायचं, तेव्हा आरशात तो मागे गेलेला असायचा.

अजून एक चकवा आहे. ढिल्या सांध्यांच्या माणसाला स्नायू सतत कडक वाटतात. सांध्याला जे धरता येत नाही ते स्नायू धरून असतात, म्हणून ते आवळलेले असतात. मग माणूस आणखी ताणतो, घटकाभर बरं वाटतं आणि संध्याकाळी परत तेच. अशा वेळी ताकदीचे व्यायाम जास्त उपयोगी पडतात. उभं राहताना गुडघा मागे ढकलून कुलूप लावल्यासारखा उभा करू नका. हातांवर तोल घेताना कोपर किंचित मऊ ठेवा. सुरुवातीला गुडघा वाकडाच आहे असं वाटेल. तेव्हाच तो बहुधा सरळ असतो.

सांधा वारंवार निखळत असेल, त्वचा विलक्षण ताणली जात असेल, जखमांचे व्रण पातळ आणि रुंद होत असतील, घरात इतरांनाही हेच असेल, तर स्प्लिट बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. एहलर्स-डॅनलॉस नावाच्या, शरीराला जोडून धरणाऱ्या ऊतींच्या आनुवंशिक विकारांच्या २०१७ सालच्या वर्गीकरणात १३ प्रकार आहेत, आणि त्यांतल्या काहींत रक्तवाहिन्याही नाजूक असतात.

‘शेका, चोळा, त्याच दिवशी पुन्हा ताणा’

सांधा उलटा गेल्यावर आत काय झालेलं असतं? ज्या बाजूने तो उघडला तिथलं आवरण आणि लिगामेंट आधीच मर्यादेबाहेर ताणलं गेलेलं असतं, कधी काही तंतू फाटलेले असतात. त्याच दिशेने पुन्हा ताणणं म्हणजे फाटलेलं आणखी उसवणं. ताज्या इजेवर शेक आणि मालिश यांनी रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. कोपराच्या बाबतीत तर जोरात चोळणं आणि ओढून सरळ करणं विशेष घातक, कारण दुखावलेल्या स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचं अडकू शकतं. ‘आखडेल’ या भीतीने केलेला उपायच आखडवतो.

पहिले दोन-तीन दिवस सांध्याला जपा, हृदयाच्या उंचीपेक्षा वर ठेवा, लवचीक पट्टी बांधा, पण बोटं निळसर किंवा बधिर होण्याइतकी घट्ट नको. दुखणं कमी करायला बर्फ कपड्यात गुंडाळून थोडा वेळ लावता येतो, पण बरं होण्याचा वेग त्याने वाढतो असं नाही. आराम, बर्फ, पट्टी, उंचावर ठेवणं ही चौकट १९७८ साली मांडणाऱ्या डॉ. गेब मिर्किन यांनीच २०१४ साली लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम दोन्ही भरून येण्याला उशीर लावू शकतात. तेव्हा त्यानंतर अंथरूण धरू नका. न दुखणाऱ्या मधल्या आवाक्यात सांधा हलवत राहा आणि झेपेल तसा भार वाढवा. टोकाची दिशा मात्र वर्ज्य.

पुढची लक्षणं दिसली तर घरी थांबू नका. दुखावलेल्या पायावर चार पावलंही टाकता येत नाहीत. गुडघा ९० अंश वाकत नाही. आवाज आला आणि काही तासांतच सांधा टम्म फुगला; गुडघ्यात हे आत रक्त साचल्याचं आणि बऱ्याचदा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, फाटल्याचं लक्षण असतं. सांध्याचा आकार बदललाय. चालताना गुडघा दगा देतो. पाऊल गार पडलं, पांढरं पडलं किंवा बधिर झालं तर तासाभराचाही उशीर नको. गुडघा पूर्ण निखळून आपोआप जागेवर बसला असेल तरी तेवढीच घाई करा, कारण गुडघ्यामागून जाणारी मुख्य रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते आणि वरून ते दिसत नाही.

परत कधी सुरू करायचं? मी तारीख बघत नाही, क्रम बघते. सूज गेलेली, दोन्ही बाजू सारख्या वाकतात, एका पायावर डोळे मिटून तोल राहतो, एका पायाने बसून उठता येतं, उडी मारून शांत उतरता येतं. त्यानंतर ताण, तोही गुडघा किंचित वाकवून आणि पूर्वीच्या निम्म्या खोलीपर्यंत. माझ्या गुडघ्याला हा क्रम पुरा करायला नऊ महिने लागले.

संदेशाच्या तळाशी ‘मुलांना जितकं लवकर तितकं चांगलं’ असंही एक वाक्य आहे. मूल मागे वाकून कमान करताना कंबरेत एकाच जागी दुखतं म्हणत असेल, मागे वाकल्यावर वाढतं आणि पुढे वाकल्यावर कमी होतं असं सांगत असेल, तर ते कारणं देतंय असं समजू नका. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलांमध्ये कंबरेच्या मणक्याच्या मागच्या भागाला तडा जाणं ही ओळखीची इजा आहे. कमान त्याच दिवशी बंद करा आणि मुलाला अस्थिरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.