जुन्या रॅलेचे पार्ट

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची जुनी रॅले सायकल नीट करायला घ्यावी तर डोक्याला नुसता ताप! सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात धड चेनव्हील, म्हणजे पेडलपाशी चेन फिरवणारं दातेरी चाक, मिळू नये? मूळ चेनव्हीलमध्ये कोरलेली बगळ्याची डोकी बघा, काय देखणं काम! त्याजागी दुकानदार पत्र्याची चकती पुढे करतो. वर म्हणतो, "काका, बसेल की!" बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस धरणाऱ्या भागाच्या, कपांचंही तेच. अहो, कसं बसेल? रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटचे आटे इंचाला 26, बाकी इंग्रजी मापाच्या कपांचे 24. जबरदस्तीने पिळलं की आटे गेलेच.

जुन्या बाजारात अस्सल माल दिसलाच, तर 'व्हिंटेज' म्हणून अव्वाच्या सव्वा भाव. गंजक्या रॉड ब्रेकलासुद्धा! कॅफेच्या भिंतीवर टांगायला सायकली उचलणाऱ्यांनी हे दर चढवलेत. आम्हाला ती चालवायचीय हो, रोज!