बेणारेइतकेच काशीकरबाईंकडेही पाहायला हवे

आधुनिक मराठी नाटकातील स्त्रीविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा नायिकेच्या बंडखोर भाषणापाशी थांबतो. माझे मत असे आहे की पुरुषसत्ता ओळखायची असेल, तर त्या नायिकेच्या आजूबाजूला वावरणाऱ्या बायकांकडे आधी पाहिले पाहिजे.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ सालचे नाटक घ्या. त्यात एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला रचते, आणि आरोपी ठरवलेल्या लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेच्या खऱ्या आयुष्याचीच चिरफाड सुरू होते. लीला बेणारेच्या अखेरच्या स्वगताबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. ती बोलते तेव्हा बाकीची पात्रे थिजलेली असतात, म्हणजे तिचे म्हणणे आपल्याला ऐकू येते, त्या न्यायालयाला नाही. मला मात्र दर वाचनात त्याच मंडळीतल्या काशीकरबाई अधिक अस्वस्थ करतात. नवऱ्याने गजरा घेऊन दिला याचे त्यांना कोण कौतुक, आणि तोच नवरा त्या बोलू लागल्या की चारचौघांत त्यांना गप्प बसवतो. मूलबाळ नसलेली ही बाई बेणारेला आरोपीच्या पिंजऱ्यात खेचण्यात सर्वांच्या पुढे असते. लग्नावाचून आई होऊ पाहणारी बाई ताठ मानेने जगू शकली, तर आपण जन्मभर गिळलेल्या अपमानाचे काय, हा प्रश्न त्यांना झेपणारा नाही. म्हणून तर व्यवस्थेला पहारेकरी बाहेरून आणावे लागत नाहीत.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तील वहिनी, म्हणजे घरची थोरली सून, आणि शिक्षण अडलेली घरची लेक प्रभा याच नजरेने वाचाव्यात. घराण्याच्या सोन्यावर हक्क कोणाचा, या एका प्रश्नात त्या घरातील प्रत्येक बाईची जागा कळते.

नाटककार प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी आमच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून पुढे आले, याचा मला मनापासून अभिमान आहे. त्यांच्या ‘चारचौघी’त (१९९१) माहेरी आलेली विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते तेव्हा पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येतच नाही. अख्खा रंगमंच तिचा असतो, आणि घरी तिचे ऐकून घेणाऱ्या आई-बहिणी असतात. बेणारेला नेमके हेच मिळाले नव्हते.

पण मराठवाड्यात रंगमंचामागे काय चालते, तेही सांगितले पाहिजे. हौशी संस्थांच्या तालमी रात्री होतात, कारण पुरुष दिवसा कामावर असतात. एका तालमीत मी पाहिले होते, की भाऊ मोटारसायकल घेऊन फाटकाशी उभा असल्यामुळे एका गुणी मुलीचे प्रवेश आधी उरकून घेत, आणि त्यामुळे ती ज्या नाटकाची नायिका होती ते सबंध नाटक तिने तालमीत कधी पाहिलेच नव्हते. पुढे सोयरीक जमली आणि तिचे काम सुटले. मग पुढच्या वर्षी स्त्रीपात्रविरहित संहिता शोधली जाते, आणि त्याला सोय म्हणतात.

बीडकडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाने, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने, आगाऊ दिलेली उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. तिथल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. ही बाई आमच्या मंचावर फार क्वचित येते, आणि आली तरी रडण्यापुरती येते. तिच्यावर नाटक लिहायचे तर मुकादम, डॉक्टर, सासू आणि गावी धाकट्या भावंडांना सांभाळत मागे राहिलेली लेक ही सगळी पात्रे लागतील. ते नाटक त्या लेकींपैकी कोणी लिहायला घेतले, तर त्याच्या तालमी दिवसाउजेडी ठेवण्याची तयारी आम्हा संस्थाचालकांची असली पाहिजे.