‘घरात बसून उपदेश’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्कूटरवरून सरावाला येणाऱ्या खेळाडूंनी हेल्मेट घालावे, या माझ्या लेखावर आपण लिहिलेत, ‘‘मैदानावर अंग झोकून देणाऱ्या पोरांना घरात बसून भित्रे बनवू नका.’’ पुढे उकाडा, किंमत, दोन किलोमीटरचे अंतर हेही आले आहे. मागे बसणाऱ्याचा उल्लेख राहिला, हे आपले म्हणणे बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट त्यालाही बंधनकारक आहे. तेवढी दुरुस्ती मी केली आहे.

पण ‘घरात बसून’ हे शब्द मला लागले. बावीस वर्षे मी रत्नागिरीत महाविद्यालयाच्या कबड्डी संघाला शिकवतो आहे. एका जून महिन्यात, पहिल्याच पावसात, चिरेखाणीच्या ट्रकांमधून सांडलेल्या तांबड्या मातीचा रस्त्यावर चिखल झाला होता आणि त्या वळणावर आमच्या संघातल्या सर्वांत चपळ चढाईपटूची गाडी घसरली. वेग फार नव्हता. घर हाकेच्या अंतरावर होते. त्याला उचलून गाडीत घालणाऱ्यांत मी होतो. संध्याकाळी स्कूटरची डिकी उघडली, तेव्हा हेल्मेट आत होते, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, ओरखडाही न पडलेले. तो वाचला, पण उजेडाकडे पाहिले की अजूनही त्याला घेरी येते आणि मैदानावर तो पुन्हा उतरला नाही. हे मी घरात बसून पाहिलेले नाही, महाशय, आणि असे शब्द वापरण्यापूर्वी आपण निदान विचारायला हवे होते.

राहिला भित्रेपणा. हीच मुले गुडघ्याला नीकॅप चढवतात, घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळतात, आणि त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही, कारण गुडघा गेला तर खेळ गेला हे सर्वांना कळते. मग डोक्यापाशीच मर्दानगी कुठून येते? हेल्मेटच्या आतला थर्माकोलचा थर आपटल्यावर स्वतः चेपतो आणि कवटीवर येणारा धक्का कमी करतो. मात्र हनुवटीखालचा पट्टा लावलेला नसेल, तर ते डोक्याआधी उडून जाते. कोपरात अडकवलेल्या हेल्मेटचा तर काहीच उपयोग नाही.

उकाडा आणि किंमत या मुद्द्यांत मला फारसे तथ्य वाटत नाही. दोन तासांच्या सरावात ही मुले त्याहून अधिक घाम गाळतात, आणि चांगल्या बुटांना पैसे मोजताना कुरकुरत नाहीत.

ते हेल्मेट त्याच्या आईने माझ्याकडे आणून दिले. जिमखान्याच्या कपाटात ते अजून त्याच पिशवीत आहे. आपण रत्नागिरीस आलात, तर अवश्य पाहून जा.