आखाजीचा शकुन कोणाच्या पैशांनी पाहायचा?

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सकाळी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र आले. पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी मांडलेले चार एक्के आणि खाली मजकूर, ‘आखाजीला जो पत्त्याला हात लावत नाही, त्याच्या घराकडे लक्ष्मी वर्षभर फिरकत नाही.’ त्यावर अंगठ्यांची रांग लागली आणि त्या रांगेत शिकलेली, नोकरीला लागलेली, माझ्याबरोबर एका बाकावर बसलेली माणसेही होती. पितरांच्या घागरीशेजारी पत्ते पाहून जो संताप आला, तो पुरणपोळी आणि आमरसाचे जेवण झाले तरी उतरलेला नाही.

खानदेशाबाहेरच्या मित्रांना एवढे सांगायला हवे की पंचांगातले वर्ष आमच्याकडेही पाडव्यालाच लागते, गुढी आम्हीही उभारतो, कडुनिंबाचा पाला आम्हीही चावतो. परंतु शेतीचे वर्ष बदलते ते वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आखाजीला. जुने साल त्या दिवशी फिटते, पुढच्या सालाचा सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, त्या दिवशी ठरतो आणि ठरल्यापैकी काही रक्कम उचल म्हणून त्याच्या हातावर ठेवली जाते. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या हातात एकरकमी पैसा पडतो तो याच दिवशी, आणि जुगाराचा शकुनही नेमका याच दिवशी पाहायचा असतो.

माझ्या लहानपणी आमच्याकडे जे सालदार होते, त्यांना आम्ही मुले जिभाऊ म्हणत असू. आखाजीच्या सकाळी आजोबांनी त्यांना गंध लावले, नवे धोतर आणि नारळ दिला, उचल मोजून हातात ठेवली. जिभाऊंची मोठी मुलगी सणासाठी सासरहून आली होती आणि आमच्याच दारातल्या निंबाच्या झोक्यावर बसली होती. तिला लुगडे-चोळी आणि बांगड्या घ्यायच्या, ज्वारी भरायची, घराची शाकारणी करायची, असा त्या पैशांचा हिशेब जिभाऊंनी मला स्वतः सांगितला होता. दुपारी त्यांना मारुतीच्या पारावर बोलावून नेण्यात आले. सणाचा दिवस आहे, एक डाव तरी खेळलाच पाहिजे, नाहीतर साल कोरडे जाते, असे सांगून. दिवे लागायच्या वेळेला त्यांची बायको आमच्या ओट्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली, पदराचे टोक मुठीत घट्ट धरलेले, आणि आजोबांना एवढेच म्हणाली, “आबा, बठ्ठी उचल गई. पोरेस्ले काय खावाडू?” सगळी उचल गेली, पोरांना काय खाऊ घालू, असे ती विचारत होती.

आता तो डाव कोणी जिंकला, हे लिहिलेच पाहिजे. त्या गोधडीवर जिभाऊंच्या समोर माझ्या आजोबांचे सख्खे भाऊ बसले होते, गावातले आणखी दोन जमीनदार बसले होते. सकाळी मालकांच्या हातातून सालदाराच्या हातात गेलेला पैसा संध्याकाळी मालकांच्याच खिशात परत आला. आजोबांनी त्या बाईला रिकाम्या हाताने पाठवले नाही, पोतेभर ज्वारी दिली, आणि ती वहीत जिभाऊंच्या नावावर लिहिली. म्हणजे ज्या माणसाचे नवे वर्ष सकाळी सुरू झाले, तो संध्याकाळी त्याच वर्षाच्या पोटात कर्जदार झाला, आणि पुढच्या आखाजीला दुसरीकडे सालाने राहण्याची मोकळीक गमावून बसला. वेठबिगारी रद्द करणारा कायदा या देशात 1976 साली झाला, परंतु पत्त्यांच्या डावातून माणूस असा बांधला जातो, तेव्हा त्याला वेठ म्हणायला कोणी तयार नसते, कारण तो सण असतो.

वर्षाच्या पहिल्या दिवशी जे घडेल ते वर्षभर घडत राहील, या एका समजुतीवर नव्या वर्षाचे सगळे शकुन उभे आहेत. म्हणून त्या दिवशी रडायचे नाही, भांडायचे नाही, उसने द्यायचे नाही. मग त्या संध्याकाळी जिभाऊंच्या घरात जे रडणे झाले, त्याचा शकुन कोणी धरला? लक्ष्मी पत्त्यावर येते असे मानणाऱ्यांना ती कोणाच्या घरातून उठून येते, हे कधीच दिसत नाही.

जुनी माणसे सुपाऱ्या लावून खेळत असत, वर्षभराची अबोल भावंडे डावाच्या निमित्ताने एकत्र बसत असत, असे कोणी म्हणेल तर ते मी नाकारत नाही. आज तीन पत्ती आणि झन्नामन्नाच्या नावाने जे चालते, त्यात सुपारी कुठेही नसते.

माझा राग सणावर नाही, हे जवळच्यांना सांगावे लागणार नाही. आमच्या घरी घागरीखाली चार ढेकळे ठेवतात, पावसाच्या चार महिन्यांची, आणि पाण्याने ज्या महिन्याचे ढेकूळ अधिक भिजेल त्या महिन्यात पाऊस अधिक, असे मानतात. पाऊस ढेकळांना विचारून पडत नाही, परंतु ती ढेकळे वाकून पाहताना आईचा चेहरा पाहावा. निंबाला बांधलेले झोके, गौराईची गाणी, चार दिवस सासरचे काम विसरून माहेरच्या ओट्यावर पाय पसरून बसलेल्या मुली, सांजोऱ्यांचा तळणीतला वास, हे सगळे माझ्या नातवंडांपर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला आजच्याच संध्याकाळी घटमांडणी होते आणि उद्या पहाटे त्यावरून पाऊस-पिकांचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला जाणाऱ्यांशीही माझे भांडण नाही, फक्त पेरणी त्या भरवशावर करू नये, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून जमीन ओली झाल्यावरच करावी, हा कृषी खात्याचा सल्ला पाळावा. या प्रथांनी कोणाच्या घरातले धान्य उचलून नेले नाही. पत्त्यांनी नेले, आणि आजही नेत आहेत.

मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा आहे, तरी आखाजीला पोलीस कानाडोळा करतील, असे पारावरचा प्रत्येक जण गृहीत धरतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला, तेव्हा याच गटावर पोरे वाचली म्हणून अभिनंदनाचे संदेश फिरले होते. मोबाईलवर हरलेला पैसा तेवढा वाईट आणि मारुतीसमोर हरलेला पैसा शुभ, हे मला तरी पटणारे नाही.

गटावर मी दुपारीच लिहिले आहे आणि इथेही लिहितो. ज्यांच्याकडे आज नवे साल ठरले असेल, त्यांनी सालदाराला आज गंध लावावे, नारळ आणि कपडे द्यावेत, पोटभर जेवू घालावे; उचल मात्र उद्या सकाळी नवरा-बायको दोघांना समोर बसवून द्यावी किंवा सरळ त्या बाईच्या बँक खात्यात जमा करावी. शकुन म्हणून हातावर काही ठेवायचेच असेल, तर एक रुपया ठेवावा. आणि जे आज रात्री पारावर बसणार आहेत, त्यांनी समोर सालदार येऊन बसला, तर त्याला पत्ते वाटू नयेत.